पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी वाळूजला जावे का?

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा :

“दुसऱ्या सत्रात आम्हाला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक आहेत. जागा ज्याने त्याने शोधावी आणि प्रमाणपत्र आणून द्यावे, असे विभागाने सांगितले आहे. वर्गातले बरेच जण ओळखीच्या मेडिकल दुकानातून किंवा पॅथॉलॉजी लॅबमधून सही-शिक्का घेऊन मोकळे होणार आहेत. गावातल्या एका दादांच्या ओळखीने मला छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) लॅबमध्ये बोलावले आहे. पण विद्यावेतन मिळणार नाही, आणि बजाजनगरमधली खोली, मेस, एसटीचे भाडे हा सगळा खर्च घरातून करावा लागेल. वडील कोरडवाहू शेती करतात. पंधरा दिवसांत असे काय शिकणार आहेस, असे ते विचारतात. मागच्या वर्षी गेलेल्या ताई सांगतात की बाटल्या धुणे आणि लेबले चिकटवणे याखेरीज काही करू दिले नाही. माझे इंग्रजीही कच्चे आहे. जावे की नाही, आणि गेले तर पुढे नोकरीसाठी उपयोग होईल असे काय करावे?”

नमस्कार.

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांना प्रामाणिकपणेच द्यायला हवे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो ८८ श्रेयांकांचा आराखडा आला, त्यात दुसऱ्या सत्रात चार श्रेयांक प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणासाठी किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी ठेवलेले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने ते १२० तास होतात, म्हणजे रोजचे आठ तास धरले तर बरोबर पंधरा दिवस. एवढ्या दिवसांत कोणी विश्लेषक होत नाही. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारे उपकरण, स्वतंत्रपणे हाताळण्याइतका विश्वास यायला चांगल्या नवशिक्यालाही काही महिने लागतात, आणि ज्या उपकरणावर बॅचचा निर्णय होतो ते उपकरण कोणतीही जबाबदार कंपनी पाहुण्या विद्यार्थ्याच्या हाती देणार नाही. तेव्हा ‘मशिन शिकायला जाते आहे’ असे घरी सांगू नका. आपण केलेल्या कामावर दुसरा कोणी अवलंबून असतो तेव्हा ते काम कसे करायचे असते, हे जवळून पाहायला तुम्ही जात आहात. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात उत्तर चुकले तर गुण जातात. तिथे उत्तर चुकले तर चांगली बॅच अडकते किंवा वाईट बॅच बाजारात जाते. त्या जाणिवेने माणसाच्या हाताला जी शिस्त लागते, ती वर्गात शिकवण्याची सोय आमच्यासारख्या शिक्षकांपाशी नाही.

आता सही-शिक्क्याच्या प्रमाणपत्राविषयी. तुमच्या वर्गमित्रांना दोष देऊन मी थांबणार नाही, कारण जागा शोधण्याचे काम विभागाने विद्यार्थ्यांवर टाकून दिले की हे असेच होते, आणि ज्या घरात पंधरा दिवसांच्या खोलीभाड्याचाही विचार करावा लागतो त्या घरातल्या मुलांकडून याहून वेगळी अपेक्षा करणे कठीण आहे. पण तुम्हाला ज्या क्षेत्रात नोकरी करायची आहे, त्या क्षेत्रात अशा कागदाचा अर्थ काय होतो हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. न केलेल्या कामाची नोंद करणे हा औषध उद्योगातला सर्वांत गंभीर अपराध मानला जातो. अमेरिकेचे औषध प्रशासन भारतीय कारखान्यांना जी इशारापत्रे पाठवते, ती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचायला मिळतात. त्यांतली चार-पाच वाचून पाहा. फाडून टाकलेल्या नोंदी, संगणकातून पुसलेली क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीने काढलेले आलेख), चाचणी न करता भरलेले आकडे, मागची तारीख टाकून केलेल्या सह्या अशा गोष्टी तिथे पुन्हा पुन्हा आढळतील. २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आपल्याकडचे ‘शेड्यूल एम’ (औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम) सुधारले गेले, त्यामुळे नोंदींच्या विश्वासार्हतेचा हा आग्रह फक्त निर्यात करणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही, वाळूजच्या लहान कारखान्यालाही तो पाळावा लागतो. अशा उद्योगाच्या दाराशी उभे राहताना तुमच्या हातातला पहिलाच कागद खोटा असावा, हे मला फार लागते.

हे मी उपदेशासाठी लिहीत नाही. मी औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात २२ वर्षे काढली आणि नंतर शिकवायला लागलो. नोकरीच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे. वर्किंग स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी वापरायचा ज्ञात शुद्धतेचा नमुना, तोलताना वही जवळ नव्हती, म्हणून मी वजन फिल्टर पेपरच्या तुकड्यावर टिपले आणि नंतर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवले. माझ्या वरिष्ठांना तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात सापडला. तुकड्यावर ५०.३४ मिलिग्रॅम होते आणि वहीत ५०.४३. यातला खरा आकडा कोणता, असे त्यांनी विचारले, आणि तोलणारा मी स्वतः असूनही मला खात्रीने सांगता आले नाही. सगळी चाचणी पुन्हा करावी लागली. तोपर्यंत मी एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला मुलगा होतो, प्रात्यक्षिकाची वही नेहमी देखणी ठेवायचो, आणि नेमकी तीच सवय, म्हणजे आधी कच्चे टिपायचे आणि मग पक्के लिहायचे, मला तिथे नडली. कॉलेजात जिला ‘रफ’ म्हणतात तीच तिथे मूळ नोंद असते. कामाच्या ठिकाणी पाऊल ठेवल्याशिवाय ही गोष्ट मला कोणीही पटवून देऊ शकले नसते.

म्हणून जाण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत एक तयारी आपल्याच प्रयोगशाळेत करा. पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांची अतिनील वर्णपटमापकावरची चाचणी तुम्ही केली असेलच. सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात २५७ नॅनोमीटरला शोषण मोजायचे आणि ७१५ हे विशिष्ट शोषण धरून प्रमाण काढायचे, ही भारतीय औषधकोशातली सरळ पद्धत आहे. तीच चाचणी आता कारखान्यातल्यासारखी करा. शाईच्या पेनाने, पाने क्रमांकित असलेल्या बांधीव वहीत, प्रत्येक कृती करतानाच लिहा. गोळ्यांचा बॅच क्रमांक, वापरलेल्या रसायनाचा लॉट क्रमांक, बॅलन्स (तराजू) कोणता, फ्लास्क कोणत्या दर्जाचा, वेळ काय, हे सारे येऊ द्या. चुकले तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरवणे नाही. एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चुकीचे कारण. मग वही मैत्रिणीला द्या आणि तुम्हाला काहीही न विचारता फक्त नोंदीवरून तिला तुमचे उत्तर पुन्हा काढता येते का, ते पाहा. पहिल्यांदा येणार नाही. तिसऱ्यांदा येईल. एवढे करून गेलात तर पहिल्याच दिवशी लॅबमधली माणसे तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतील, याची मला खात्री आहे.

ताईंनी सांगितलेल्या बाटल्या आणि लेबलांकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तेच काम तुमच्याही वाट्याला येण्याची शक्यता मोठी आहे. ते कमी प्रतीचे मानू नका. फ्लास्क नीट धुतला गेला नाही तर आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्या क्रोमॅटोग्राममध्ये अनोळखी शिखर होऊन उगवतो, आणि ते कुठून आले याचा शोध घेण्यात अनुभवी माणसांचे दोन-दोन दिवस जातात. म्हणून ग्लासवेअर धुण्याचीही लेखी कार्यपद्धती असते. ती मागून घ्या, वाचा आणि शेवटचे विसळणे कोणत्या पाण्याने का करतात हे विचारा. लेबलावर द्रावणाचे नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख, वापराची मुदत आणि करणाऱ्याची सही असते. त्या मुदतीचा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला, हा प्रश्न विचारला की तुम्ही थेट द्रावणांच्या स्थिरतेच्या अभ्यासापाशी पोहोचता, जो पदव्युत्तर पातळीचा विषय आहे. काम साधे असले तरी त्यामागचे शास्त्र साधे नसते, आणि ते कोणी आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

मात्र पंधराही दिवस तेवढेच होऊ देऊ नका. तीन-चार दिवस मिळेल ते काम मन लावून केल्यावर, सेक्शन हेड जेव्हा निवांत असतील तेव्हा, त्यांच्याकडे एकच नेमकी विनंती करा : “सर, मला एका नमुन्याचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू द्याल का? मी कशालाही हात लावणार नाही, फक्त सोबत राहीन.” ‘मला एचपीएलसी शिकवा’ या मागणीला बहुधा नकार मिळतो, कारण त्यात त्यांचा वेळ जातो आणि जोखीम असते. सोबत राहण्याच्या विनंतीला सहसा नकार मिळत नाही, आणि शिकायला त्यातूनच अधिक मिळते.

त्या प्रवासात काय पाहायचे तेही सांगतो. नमुना आला की नोंदवहीत त्याला एआर नंबर, म्हणजे विश्लेषणाचा संदर्भ क्रमांक, मिळतो; तिथून पुढे सगळ्या कागदांवर तो त्याच क्रमांकाने ओळखला जातो. विश्लेषक काम सुरू करण्यापूर्वी बॅलन्सची त्या दिवसाची तपासणी झाली आहे का, हे लॉगबुकात बघतो. मोबाइल फेज, म्हणजे नमुना वाहून नेणारे द्रावण, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून तिच्यातली हवा काढली जाते, कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, आणि या थांबण्याच्या काळात चांगला विश्लेषक पुढच्या कामाची मांडणी कशी करतो हे लक्ष देऊन बघण्यासारखे असते. मग कोरे द्रावण, मग स्टँडर्डची पाच किंवा सहा इंजेक्शने. त्यांच्या शिखरांच्या क्षेत्रफळांतले सापेक्ष प्रमाण विचलन, म्हणजे आपापसांतला फरक, साधारणपणे दोन टक्क्यांच्या आत आले तरच नमुन्याला हात लावायचा. तुम्ही हे सूत्र पाठ केले असेल. तिथे एखाद्या दिवशी ते विचलन मर्यादेबाहेर गेल्यामुळे अख्खी दुपार थांबलेली दिसेल, आणि तो दिवस तुमच्या पंधरा दिवसांतला सर्वांत मोलाचा असेल. पंपात हवा आहे, सेप्टम (इंजेक्शनच्या तोंडाची रबरी चकती) झिजला आहे की द्रावणच नीट विरघळलेले नाही, याचा उलगडा एकेक शक्यता बाजूला सारत कसा करतात, ते तेव्हा पाहायला मिळते. निकाल आल्यावर काम संपत नाही. दुसरी व्यक्ती प्रत्येक आकडा तपासते, गुणवत्ता हमी विभाग कागद पाहतो, आणि मग विश्लेषण प्रमाणपत्र निघते. निकाल विहित मर्यादेबाहेर गेला तर ‘ओओएस’ची (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) चौकशी सुरू होते, पुन्हा एकदा तपासून बरोबर आलेला आकडा लिहून टाकण्याची मुभा कोणालाही नसते. या टप्प्यांपैकी दोन-तीन जरी प्रत्यक्ष पाहायला मिळाले तरी मुलाखतीत तुम्ही पाठांतर न सांगता अनुभव सांगाल, आणि समोरच्या माणसाला तो फरक पहिल्या दोन वाक्यांत कळतो. मी स्वतः अनेक मुलाखती घेतल्या आहेत. ‘एचपीएलसी येते का’ या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा, “मी चालवलेले नाही, पण स्टँडर्डची इंजेक्शने जुळत नव्हती तेव्हा त्यांनी काय काय तपासले ते मी पाहिले आहे,” असे सांगणाऱ्याला मी नेहमी पुढे बसवून घेतले.

रोज रात्री खोलीवर परतल्यावर अर्धा तास लिहायला ठेवा. काय केले, काय पाहिले, काय समजले नाही, उद्या कोणाला काय विचारायचे. यात एक पथ्य कसोशीने पाळा : उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, ग्राहकाचे नाव किंवा कंपनीचे कोणतेही आकडे आपल्या खासगी वहीत उतरवू नका, लॅबमध्ये फोटो काढू नका, आणि अहवाल महाविद्यालयात देण्यापूर्वी सेक्शन हेडना दाखवून त्यांची संमती घ्या. अहवालात कंपनीची स्थापना, यंत्रांची सूची आणि संकेतस्थळावरून उतरवलेली माहिती यांनी पाने भरण्याची पद्धत पडली आहे. तिचा कोणालाही उपयोग नाही. तुम्ही पाहिलेली एक अडचण आणि ती सुटण्याची रीत दहा पानांत नीट लिहिलीत, तर त्या अहवालाची प्रत मुलाखतीला नेता येईल.

इंग्रजीची भीती मी समजू शकतो, पण तिचा आकार तुम्हाला वाटतो तेवढा नाही. वाळूजच्या लॅबमध्ये बोलणे बहुतेक मराठीत आणि हिंदीत चालते. इंग्रजी लागते ते नोंदींपुरते, आणि ती भाषा फार ठरीव असते : इतके तोलले, इतक्या मिलिलिटरमध्ये विरघळवले, गाळले, थंड केले. भूतकाळातली, कर्मणी प्रयोगातली अशी ४०-५० वाक्ये आहेत. औषधकोशातल्या चाचण्या वाचून ती रोज पाच याप्रमाणे लिहून काढा, म्हणजे जाण्यापूर्वीच हातात बसतील. मुलाखतीतले बोलके इंग्रजी हा वेगळा विषय आहे. त्यासाठी पुढचे वर्ष आहे.

मुक्कामाचे आणि सुरक्षिततेचे थोडक्यात सांगतो. फक्त दिवसपाळी मागा. प्रशिक्षणार्थीला रात्रपाळीत बोलावण्याचे काही कारण नसते. खोली ठरवायला वडिलांना सोबत न्या, शक्यतो नोकरी करणाऱ्या मुलींबरोबर राहा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही संरक्षण देतो, म्हणून अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे लावलेला फलक कुठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. गॉगल आणि हातमोजे मिळाले नाहीत तर मागून घ्या, आणि ज्या द्रावकाशी संबंध येईल त्याचे सुरक्षा माहितीपत्रक वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. हे मागण्यात संकोच नको.

खर्च खरोखरच झेपणारा नसेल, तर वाळूज हाच एक मार्ग आहे असे समजू नका. मराठवाड्यात साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे गळीत हंगामात ब्रिक्स (रसातले विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखर) आणि शुद्धतेच्या चाचण्या दिवसरात्र चालतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जोडलेल्या लॅबमध्ये पाण्यातले सेंद्रिय प्रदूषण मोजणाऱ्या चाचण्या, म्हणजे सीओडी आणि २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून केली जाणारी बीओडी चाचणी पाहता येते. लातुरात सोयाबीन तेलाचे आणि डाळींचे कारखाने आहेत, त्यांनाही तपासणी करावीच लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत विहिरी-बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड आणि नायट्रेट मोजतात. नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आणि आपल्या गावच्या बोअरचा आकडा शेजारी ठेवून पाहण्यात जे शिक्षण आहे, ते औषध कंपनीतल्यापेक्षा कमी नाही. मूळ नोंद, तपासलेला बॅलन्स, प्रमाणित द्रावण या सवयी तिथेही त्याच लागतात. पदवी पूर्ण झाल्यावर विद्यावेतनासह कामाचा अनुभव घेण्यासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधर आणि पदव्युत्तर उमेदवारांना तिच्यात दरमहा १०,००० रुपये ठरवले गेले, पण शिक्षण चालू असताना ती घेता येत नाही, म्हणून आत्ताच्या खर्चाचा प्रश्न तिने सुटणार नाही.

वडिलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. आराखड्यात तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. वाळूजला जे प्रश्न पडतील, त्यांतला एखादा, समजा एखादे द्रावण मुदतीपूर्वीच का बिघडते हा, घेऊन परत आलात आणि त्यावर आपल्याच प्रयोगशाळेत वर्षभर काम केलेत, तर पंधरा दिवसांच्या खर्चावर पुढचे वर्ष उभे राहते. ज्यांनी लॅबमध्ये उभे राहू दिले त्यांनाच निकाल दाखवायला पुन्हा जाता येते. नोकरीसाठी लागणारी ओळख अशा दुसऱ्या भेटीत होते, पहिल्या भेटीत फार क्वचित.

आता एवढ्यातच करायचे काम : विभागप्रमुखांना भेटून कंपनीच्या नावे एक पत्र घ्या. त्यात प्रशिक्षणाच्या तारखा, एकूण १२० तास, महाविद्यालयातल्या मार्गदर्शक शिक्षकांचे नाव व दूरध्वनी, आणि कंपनीने आपल्याकडचा एक मार्गदर्शक नेमून द्यावा अशी विनंती, एवढे चार मुद्दे स्पष्ट असू द्या. मार्गदर्शक शिक्षकांनी प्रशिक्षणाच्या काळात एकदा तरी कंपनीत फोन करावा, अशी विनंती त्यांना माझ्या वतीने करा. विचारणारे कोणी आहे हे कळले की विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कामात फरक पडतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे. मार्चअखेरच्या घाईत लॅबमधल्या कोणालाच वेळ नसतो, तेव्हा तारखा त्या आठवड्यांच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या मागून घ्या.